शिक्षेने वॉर्ड सुरक्षित होत नाही

आंबागड गावातल्या एखाद्या बाळंतिणीचे बाळ अत्यवस्थ झाले, तर ते तुमसरमार्गे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे, हीच रीत. बाहेर जन्मून आलेल्या अशा बाळांसाठी तिथल्या नवजात कक्षात वेगळा विभाग होता. 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर त्याच विभागात आग लागली. कक्षातल्या 17 बाळांपैकी 10 दगावली. शेजारच्या विभागातली 7 वाचली.

चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले, परिचारिकांच्या नोकऱ्या गेल्या, दोघींवर गुन्हा दाखल झाला. सिस्टर जागेवर असत्या तर बाळे वाचली असती, म्हणून कडक शिक्षा हाच उपाय, असे तेव्हापासून सांगितले जाते.

यातला पहिला भाग मान्य. अतिदक्षता कक्ष क्षणभरही रिकामा राहता कामा नये आणि कुणी हलगर्जी केली असेल, तर तिची चौकशी झालीच पाहिजे. पण शिक्षा मृत्यूनंतर येते, आधी नाही. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी 11 रुग्ण गेले. तिथेही परिचारिकांना अटक झाली. भंडाऱ्यातल्या कारवाईचा धाक नगरच्या रुग्णांच्या कामी आला नाही, कारण वायरिंग, धूरसूचक यंत्रणा किंवा मनुष्यबळ यांपैकी काहीच धाकाने सुधारत नाही.

शिक्षेऐवजी कामाची पद्धत सुधारा म्हटले, की दुसरा आक्षेप येतो: याद्या आणि नोंदी वाढवल्या तर सिस्टर रुग्ण सोडून कागदच भरत बसतील. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा अनुभव याच्या उलट आहे. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी तिथल्या अतिदक्षता विभागांनी स्वीकारली. पायरी चुकली, तर डॉक्टरलाही थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. दीड वर्षात नळीमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटला. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. परिचारिकेच्या शब्दाला वजन मिळाले, एवढेच.

तिसरा आक्षेप पैशाचा: जास्त परिचारिका परवडणार नाहीत. नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. आजारी नवजातांसाठी आपल्याच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका मागतात. पदे रिकामी ठेवून वाचवलेल्या पैशाची किंमत रुग्ण मोजतो.

मग करायचे काय? पाळी बदलताना रुग्णांची ‘ओव्हर’ (सूत्रे) टेबलावर नको, प्रत्येक खाटेशी उभे राहून द्यावी: बाळाची स्थिती, चालू औषध, वॉर्मर आणि ऑक्सिजनची अवस्था. बदली सिस्टर आल्याशिवाय कक्ष सोडायचा नाही; आणि ती बदली देणे ही प्रशासनाची लेखी जबाबदारी असावी. तापलेला प्लग, बिघडलेला अलार्म, थोडक्यात टळलेली औषधाची चूक यांची नोंद करणाऱ्या सिस्टरला मेमो मिळू नये. दुरुस्तीची तारीख मिळावी. आग लागल्यावर कोणते बाळ कोणी उचलायचे, याचा सराव रात्रपाळीतही व्हावा.

आंबागडसारख्या गावांतून जिल्ह्याला पाठवलेल्या बाळाला या व्यवस्थेशिवाय दुसरा आसरा नाही. म्हणून पुढच्या वेळी जिल्हा रुग्णालयाबद्दल आमदारांना, पालकमंत्र्यांना विचाराल, तेव्हा किती जणींवर कारवाई झाली हे विचारू नका. आज रात्री नवजात कक्षात किती बाळांमागे किती सिस्टर आहेत, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.