पाय टेकले म्हणजे झालं?

मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तरानं मोटारसायकलीवर लिहावं, हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटू दे. गेले तीन आठवडे नात पायाला प्लॅस्टर घालून आमच्या मोहोळच्या घरी बसली आहे आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तिलाच शहाणपण शिकवून जातो. म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं. नातीची उंची जेमतेम पाच फूट. नोकरी खेडोपाडी फिरायची, म्हणून मोटारसायकल घेतली. दोन्ही पाय नीट टेकत नव्हते. कुणीतरी सुचवलं, "मागचे शॉकअप बारके टाका, गाडी खाली बसेल." एका गॅरेजात अर्ध्या तासात काम झालं. आठ दिवसांनी पंढरपूर रस्त्याला डाव्या वळणावर साईड स्टँड डांबराला घासला, मागचं चाक उचललं आणि पोरगी साईडपट्टीवर.

पाहुणे म्हणतात, "मुलीनं स्कूटीच घ्यावी." गॅरेजवाला म्हणतो, "ताईंना चालवता येत नाही." मला दोन्ही मतं साफ नामंजूर आहेत.

दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरा आणि मागची बाजू 50 मिलिमीटर खाली घ्या. अख्खी गाडी दोन अंशांहून जास्त मागं कलते. पुढचा फोर्क तेवढाच आडवा होतो, पुढच्या चाकावरचा भार थोडा हलका होतो आणि हँडल वळायला आळशी होतं. वळणावर गाडी बाहेर पळते, मग चालवणारा ती आणखी कलवतो. आणि कलवायला जागा तर आपणच कमी केलेली! फूटरेस्ट, स्टँड, सायलेन्सर सगळं जमिनीच्या जवळ आलेलं. नुसती पुढची बाजू खाली घेतली तर उलटं होतं, हँडल चंचल होतं. शॉकअपची हालचालही घटते, म्हणजे खड्ड्यात ते तळाला आपटतं. साईड स्टँड जुन्याच लांबीचा राहिला तर उभी गाडी पलीकडं कलंडते आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे सारं तिला कुणी सांगितलं होतं का? नाही.

"मग बुटक्या माणसानं गाडी चालवूच नये का?" चालवावी की! आम्ही नळीखालून पाय घालून हाफ पायडल सायकल शिकलो, तेव्हा कुणाचे पाय टेकत होते? थांबताना एक पाय नीट टेकला की पुष्कळ झालं. गाडी थांबलेली असते क्षणभर, चालते तासन्‌तास. त्या क्षणासाठी तासांची सुरक्षितता विकायची, हा कुठला हिशेब?

उंची कमी करायचीच तर आधी सीटला हात लावा. फोम कमी करा, पुढं निमुळता करा. रॉयल एनफिल्डनं 2023 मध्ये आणलेल्या हिमालयन 450 ची सीट 825 किंवा 845 मिलिमीटरवर बसवता येते, शिवाय 805 ची बुटकी सीट वेगळी मिळते. शॉकअपला हात न लावता! त्यानंही भागलं नाही, तर पुढची आणि मागची बाजू सारखीच खाली घ्या, स्टँड आखूड करा, हेडलाईट जुळवा आणि वळणावर पहिल्यासारखी गाडी कलवू नका. एवढं सांगायची तयारी नसेल, त्या मिस्त्रीनं पाना हातात धरू नये.

नातीचे जुने शॉकअप परत बसवून झालेत. सीट कापायला दिली आहे. प्लॅस्टर निघालं की शाळेच्या मैदानात एका पायावर थांबायचा सराव, परीक्षक मी. पाहुण्यांनी आता यावं ते चहा प्यायला. सल्ला घरीच ठेवून यावा.

असो.