आधी आई दाखवा, मग पिल्लू

शाहूवाडी तालुक्यात राहणाऱ्याने ससा विकत घेणं म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेणं, असं एक गृहस्थ परवा मलकापुरातल्या एका कार्यक्रमात छातीठोकपणे सांगून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं: आपला तालुका डोंगराचा, गवताचा, उसाचा. ऊसतोड सुरू झाली की फडात सशाची पिल्लं सापडतातच. एक उचलावं, वाटीभर दूध पाजावं आणि पोराच्या हाती द्यावं. पैसा जात नाही आणि आपल्या मातीतला प्राणी घरी येतो. नाहीच सापडलं तर बाजारातून जोडी आणावी, वाढली तर चार पैसे मिळतील. कंटाळा आला तर डोंगरात सोडून द्यावी. पाळणाऱ्याच्या घरी जाऊन चौकशा करणं, पिल्लाची आई बघणं, वय विचारणं ही शहरातल्या रिकामटेकड्यांची थेरं आहेत.

टाळ्या वाजवणाऱ्यांत लहान मुलांचे आईवडील होते. त्यातल्या काहींच्या घरी यंदा पहिला ससा यायचा आहे. म्हणून हे भाषण हसण्यावारी नेता येत नाही.

फडात सापडतो तो प्राणी आणि पिंजऱ्यात पाळला जातो तो प्राणी एक नव्हेत. हे गृहस्थांना ठाऊक नसेल तर त्यांनी बोलायला नको होतं, आणि ठाऊक असून ते बोलले असतील तर प्रकरण अधिक वाईट. आपल्या सड्यांवर, माळांवर, उसाच्या सऱ्यांत राहणारा ससा हा मानेवर काळा डाग असलेला रानससा. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बिळं करून टोळीने राहणारा. युरोपात माणसाने कित्येक पिढ्या तो खुराड्यात वाढवला, तेव्हा कुठे तो माणसाच्या हाताला सरावला. रानसशाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असतात, पाळीव सशाच्या 44. या दोघांची पिल्लं होऊ शकत नाहीत. पाळीव सशाची मादी साधारण 31 दिवसांनी विते, पिल्लं उघडीनागडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात, दहाएक दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. रानसशाची मादी त्याहून बरेच दिवस पिल्लू पोटात वागवते. तिचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जमिनीवर येतं, कारण त्याला लपायला बीळ नसतं. गवतातला एक उथळ खळगा हेच त्याचं घर.

घात होतो तो इथेच. रानसशाची मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. बसली तर तिच्या वासाने कोल्हा, रानमांजर, मुंगूस थेट पिल्लांपर्यंत पोचेल. म्हणून ती दिवसभर लांब राहते आणि अंधार पडू लागला की येऊन पाजून जाते. चोवीस तासांत एखादी वेळ, तीही थोडाच वेळ. तेवढ्यात पिल्लाचं पोट भरतं, कारण ते दूध दाट असतं. दिवसा मात्र पिल्लू एकटं, अंग आक्रसून, हूं की चूं न करता पडलेलं असतं. माणूस जवळ आला तरी ते पळत नाही, कारण न हलणं हेच त्याचं संरक्षण. आपण ते बघतो आणि म्हणतो, "बिचारं पोरकं झालंय, आई टाकून गेली." मग उचलतो. पोरकं ते त्या क्षणी होतं, आपल्या हाताने. संध्याकाळी मादी खळग्यापाशी येते आणि तिला काही सापडत नाही. "आवो, पिल्लू गावलंय, न्या की पोरांस्नी खेळाय," असं फडावरचा माणूस आपुलकीने म्हणतो. त्याच्या मनात पाप नसतं. पण त्याच्या आपुलकीचं तत्त्वज्ञान करून व्यासपीठावरून सांगणाऱ्याला मी तीच सूट देणार नाही.

पुढे घरात काय होतं? वाटीत गाईचं किंवा म्हशीचं दूध येतं. सशाच्या कुळातल्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या कित्येक पट असतात आणि साखर कमी. गाईचं दूध त्या आतड्याला पेलत नाही, हगवण लागते. कापसाच्या बोळ्याने किंवा ड्रॉपरने पाजताना दूध श्वासनळीत जातं. पिल्लू मान टाकतं. घरचे म्हणतात, "नाजूक होतं, वाचलं नाही." एखादं वाचलंच तर त्याचा जन्म भीतीत जातो. मैलभर मोकळ्या रानात धावायला घडलेले मागचे पाय त्याला असतात. कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, मोटारसायकल सुरू झाली की ते जाळीवर आदळतं. अशा आदळण्यात पाठीचा कणा मोडतो आणि मागचं अंग लुळं पडतं. आणि हे सगळं आवाज न करता घडतं. ससा दुखलं म्हणून ओरडत नाही, ओरडतो तो बहुधा जिवावर बेतल्यावरच. त्याचं दुःख घरात कुणाला ऐकू येत नाही, म्हणून ते नाही असं आपण धरून चालतो. मला सगळ्यात जास्त चीड या धरून चालण्याची येते.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 रानसशालाही लागू आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, पकडणं आणि सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ज्या तालुक्याच्या अंगाला लागून आहेत, त्या तालुक्यात उभं राहून माणसांना वन्यप्राणी उचलायला सांगायचं, आणि उद्या एखाद्या बापाला वनखात्याने नोटीस दिली की आपण घरी बसायचं, हा कुठला न्याय?

यावर गृहस्थांचं ठेवणीतलं उत्तर आहेच: परंपरा. कोल्हापूरला शिकारीची परंपरा आहे, दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, आणि आम्हाला एका सशाचं पिल्लू घेऊ देत नाही! कोल्हापूरच्या दरबारी चित्ते होते हे खरं. पण त्या परंपरेचा शेवट कुठे झाला तेही सांगा ना. भारताच्या रानातला चित्ता संपला आणि 1952 मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कोल्हापूरच्या राजांचं राखीव शिकारीचं रान म्हणजे राधानगरी-दाजीपूर. तिथे 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. ज्या मातीने शिकारीचं रान स्वतःच अभयारण्य केलं, त्या मातीचं नाव घेऊन पिल्लं उचलायला सांगणं हा परंपरेचा अभिमान नव्हे. सोयीचं तेवढं आठवणं याला परंपरा म्हणत नाहीत.

हा वाद मी पहिल्यांदा ऐकत नाही. पोपटाच्या वेळी अगदी हेच झालं होतं. झाडाच्या ढोलीतून पोपटाची पिल्लं काढायची, पंख कातरायचे, पिंजऱ्यात ठेवून मिरची खायला घालायची आणि कुणी बोललं की म्हणायचं, "घरच्या माणसासारखा वाढवलाय." पोपट पाळणं बेकायदा आहे असं सांगितलं तेव्हा आम्हाला घरफोडे ठरवण्यात आलं. आजही वाड्यावस्त्यांवर ते पिंजरे टांगलेले आहेत. प्रेम आणि ताबा यांतला फरक आपल्याकडे कुणी मुलांना शिकवत नाही, आणि पोपटाच्या पिंजऱ्याशेजारी आता सशाचं खोकं ठेवायला सांगणारे लोक मात्र टाळ्या घेऊन जातात.

गृहस्थांच्या बाकीच्या मुद्द्यांना इतका वेळ द्यायची गरज नाही.

बाजारातली जोडी. बाजारात टोपलीत बसवलेली पिल्लं बहुधा चार-पाच आठवड्यांची असतात, आईपासून घाईने तोडलेली. पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस आणि गोंडस ते लवकर विकलं जातं, एवढाच त्यामागचा हिशेब. दोन घरची पिल्लं एका टोपलीत कोंबली की एकाची खरूज आणि एकाची हगवण सगळ्यांची होते. नर कोण, मादी कोण, हे विकणारा ठामपणे सांगतो आणि पुष्कळदा चुकीचं सांगतो. चार-सहा महिन्यांत जोडी वयात येते, महिन्याभरात पिल्लं होतात, आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते.

धंदा. पाळीव प्राणी आणि झटपट पैसा यांची सांगड घालणाऱ्यांवर आपल्या भागात तरी कुणी विश्वास ठेवू नये. बुडालेल्या इमूपालनाची खुराडी अजून कुठे कुठे उभी आहेत. 2019 मध्ये इस्लामपुरातून उघड झालेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या फसवणुकीच्या प्रकरणात कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुलासाठी आणलेल्या जनावराकडून उत्पन्नाची अपेक्षा करू नका.

पार्सलने मागवणं, हे गृहस्थांच्या यादीत नसलं तरी. लांबच्या प्रवासाच्या धास्तीने सशाचं खाणं थांबतं, आणि खाणं थांबलं की त्याचं आतडं थांबतं.

डोंगरात सोडणं. पांढरा पाळीव ससा आंबा घाटाच्या जंगलात सोडणं म्हणजे त्याला पहिल्याच रात्री मारायला नेऊन ठेवणं. आणि जिथे तो मरत नाही तिथे काय होतं ते ऑस्ट्रेलियाला विचारा. 1859 मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी 24 ससे सोडले आणि त्या देशाची कुरणं पिढ्यान् पिढ्या उजाड होत राहिली.

मग पहिला ससा आणायचा कुठून? ज्या घरात पाळीव ससे राहतात, वितात, मरतात आणि त्यांची कुणी तरी काळजी करतं, अशा घरातून. आपल्या तालुक्यात, पन्हाळ्याकडे, कोल्हापूर शहरात हौसेने ससे पाळणारे आहेत. त्यांच्याकडे भेट ठरवून जा आणि सगळ्यात आधी पिल्लाची आई बघा. आई धष्टपुष्ट, चमकदार केसांची, हात लावू देणारी असेल तर पिल्लाचं अर्धं काम झालेलं असतं. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय उचलू नका. कानात खपल्या आहेत का, शेपटीखालचा भाग ओला किंवा घाण आहे का, नाक वाहतंय का, पुढचे दात नीट एकमेकांवर बसतात का, हे बघा. लेंड्या गोल, कोरड्या आणि सुट्या हव्यात. तिथे ते काय खातंय ते विचारा आणि तेच खाणं थोडं बरोबर आणा, एकदम बदलू नका. सशाचं मुख्य अन्न गवत, हिरवं आणि वाळलेलं. गाजर हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते गवत चावूनच झिजतात.

दुसरी वाट मला पहिलीहून बरी वाटते. पोरांचा उत्साह ओसरलेल्या घरांत मोठे झालेले ससे पडून असतात. असा एखादा मागून आणा. त्याचा स्वभाव कळलेला असतो, नर की मादी याबद्दल शंका नसते, आणि नाजूक पिल्लूपण मागे पडलेलं असतं. पहिल्यांदाच ससा पाळणाऱ्या घराला मोठा ससा अधिक माफ करतो. दोन हवे असतील तर एकत्र वाढलेल्या दोन माद्या आणा. दुकानातूनच घ्यायचा असेल तर 2018 च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि त्या नियमांत ससा स्पष्टपणे येतो. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका.

आणायची वेळही जपा. आपल्याकडचा आषाढ-श्रावण सशाला मानवत नाही. ओल, कुबट हवा आणि भिजलेलं गवत यांतून खरूज आणि पोटाचे आजार होतात. दसरा-दिवाळीनंतर, गवत वाळू लागल्यावर आणा. ससा आणायच्या आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन इथे सशाला औषध मिळेल का, हे विचारून या. घरात उरलेलं माणसाचं अमॉक्सिसिलिन सशाला पाजलं तर तो मरू शकतो, आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल त्याला विषासारखं बाधतं.

पाळीव ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे तिसरीतल्या पोरीचा ससा तिच्या बारावीपर्यंत घरात असेल. ज्याला तेवढा काळ नको आहे त्याने ससा कुठूनच आणू नये, फुकट तर मुळीच नको.

आईवडिलांना माझं मागणं एवढंच आहे. पिल्लाची आई दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून ससा घेऊ नका, मग तो बाजारातला असो की ओळखीतला. आणि फडात पिल्लू दिसलं तर हात मागे घ्या. तोड तिथेच चालू असेल तर ते शेजारच्या बांधाच्या गवतात ठेवा आणि लांब व्हा. जखमी असेल तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. त्याची आई संध्याकाळी येणार आहे.