लू आणि आमचा जाणतेपणा

सूर्य रोहिणीत आला आणि नवतपा सुरू झाला, की लष्करातील प्रत्येक मराठी घरात तीच वाक्ये कानी पडतात: पन्हे प्या, डोक्याला पंचा गुंडाळा, खिशात कांदा ठेवा. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला, तेव्हापासून आपण ही लू सोसत आलो. तिच्याविषयी आपल्याला दुसऱ्याने काय शिकवावे, असे आम्हांसही वाटत असे.

गेल्या उन्हाळ्यातील एका दुपारने तो गर्व उतरवला. आमचे मोठे काका पेन्शनच्या कामाला गेले होते, ते असंबद्ध बोलतच परतले. अंग घामाने निथळत होते. तेव्हा ही लू नव्हे, पित्त असावे, असे आम्ही ठरवून टाकले. तळपायांना कांद्याचा रस चोळला, बळेच पन्हे पाजू लागलो. शेजारची परिचारिका धावत आली आणि म्हणाली, “दादा, ते थांबवा; आधी अंगावर पाणी ओता!” काका वाचले, पण वाया घालविलेली ती पंधरा मिनिटे आम्हांस अजून बोचतात.

म्हणून सांगतो. चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आणि पुष्कळ घाम ही आधीची पायरी. अशा माणसाला सावलीत निजवावे, पाय उंच ठेवावेत, मीठ-साखरेचे पाणी थोडेथोडे द्यावे. पन्ह्याचा मान येथे. परंतु ताप 104 अंशांच्या घरात जाऊन माणूस बरळू लागला, तोल किंवा शुद्ध गेली, की तो उष्माघात, मग घाम असो वा नसो. लगेच 108 क्रमांकावर कळवावे आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतीत वारा घालावा. मान, काखा, जांघा यांवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध हरपत असता तोंडात काही घालू नये. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

म्हातारपणी तहान नीट जाणवत नाही, म्हणून वडीलधाऱ्यांना आठवणीने पाणी द्यावे. आपल्या घरी कूलर आले. पण आपल्याच गच्चीवर भर दुपारी राबणाऱ्या गवंड्याचे काय? त्याचे काम सकाळी लवकर सुरू करावे, बारा ते चार त्याला सावली आणि माठ द्यावा. हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

कांदा खिशात ठेवायचा तर खुशाल ठेवावा. न्हाणीघरातील बादली मात्र भरलेली असू द्यावी.