रिकाम्या हातांना एक पान

‘आता तुम्ही काही करू नका, आराम करा.’ घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे मनगट मोडले, पक्षाघाताचा झटका येऊन गेला किंवा नुसती सत्तरी उलटली, तरी हे वाक्य हमखास ऐकू येते. ते प्रेमापोटीच म्हटलेले असते. सून भाजी निवडायला घेते, मुलगा शर्टाची बटणे लावून देतो, नात पाण्याचा पेला हातात आणून ठेवते. महिना-दोन महिन्यांनी तपासणीला आल्यावर हाड जुळलेले असते, रक्तदाबही आटोक्यात असतो. पण बोटे आखडलेली असतात आणि चेहरा उतरलेला असतो. हाताला काम नसणे हेही एक दुखणेच आहे आणि त्यावर बहुतेक वेळा कोणी काही लिहून देत नाही.

अशा हातांसाठी एक साधे काम सुचवता येईल, ते म्हणजे क्रोशाचे एक पान विणणे. मराठी घरांना क्रोशा नवा नाही. रुखवतातले रुमाल, दारावरचे तोरण, टीव्हीवर घातलेले जाळीदार आच्छादन हे सगळे आपण पाहिलेले असते. ते पाहूनच अनेकांना वाटते, की हे निपुण हातांचे काम आहे, आपल्याला या वयात काय जमणार? मोठा रुमाल नवशिक्याला खरोखरच जमत नाही. तो अर्धा होऊन कपाटात पडतो आणि अपयशाची आणखी एक आठवण देत राहतो. तळहातावर मावणारे पान मात्र एक-दोन बैठकांत पुरे होते.

पानाची रीत सोपी आहे. जाडसर लोकर आणि चार-पाच मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई घ्यायची. आधी दहा साखळ्या घालायच्या. सुईजवळची पहिली साखळी सोडून उरलेल्या नऊ साखळ्यांत क्रमाने एक मुका खांब, एक अर्धा खांब, पाच पूर्ण खांब, पुन्हा एक अर्धा आणि एक मुका खांब विणायचा. टोकाला दोन साखळ्या घालून काम फिरवायचे आणि त्याच साखळीच्या दुसऱ्या बाजूला तेच नऊ टाके त्याच क्रमाने घालायचे. शेवटी सुरुवातीच्या टोकाशी जोडून चार-पाच साखळ्यांचा देठ काढायचा. मुका खांब ठेंगणा, अर्धा त्याहून उंच आणि पूर्ण खांब सर्वांत उंच. म्हणून पान मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते होते. पहिली साखळी आपोआप पानाची मधली शीर बनते.

एवढ्याशा कामात शरीराचा बराच भाग गुंततो. एका हाताचा अंगठा आणि तर्जनी सुई धरतात, मनगट प्रत्येक टाक्याला थोडे वळते. दुसऱ्या हाताची तर्जनी दोऱ्याला ताण देते, अंगठा आणि मधले बोट विणलेला भाग पकडून ठेवतात. म्हणजे दोन हात एकाच वेळी दोन वेगळी कामे करतात. मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर बोटांची चिमूट आणि हाताचे वळणे याच हालचाली अनेकांना जड जातात. पक्षाघातानंतर दोन्ही हातांचा मेळ बसवणे कठीण होते. नेमक्या याच गोष्टींचा सराव इथे होतो.

या सरावाचे मेंदूशी जवळचे नाते आहे. कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकात जागेपणी चाललेल्या शस्त्रक्रियांमध्ये मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत चेतना देऊन शरीराच्या हालचालींचा नकाशा काढला. त्यात हाताने, विशेषतः बोटांनी, आपल्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा व्यापलेली दिसली. हा नकाशा दगडावरची रेघ नव्हे. वापराने तो बदलतो आणि वापर थांबला तर आक्रसतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाचा आजचा पायाच हा आहे की हालचाल अनेकदा, हेतू मनात ठेवून आणि चूक सुधारत करायची.

पान इथे रबरी चेंडूला मागे टाकते. चेंडू दाबण्याच्या व्यायामाला त्याचे स्थान आहेच, पण शंभर वेळा दाबूनही चेंडू तसाच राहतो. बरेच रुग्ण चार दिवसांत कंटाळतात. पानात एक खांब चुकला, तर ते लगेच एका बाजूला वाकते. मोजणी कुठे बिघडली ते डोळ्यांना दिसते. दोरा ओढला की टाके उसवतात आणि लोकर पुन्हा वापरता येते. चूक दिसावी, तिची शिक्षा होऊ नये आणि लगेच दुसरी संधी मिळावी, अशी शिकण्याची जागा मोठ्या माणसांच्या वाट्याला क्वचितच येते. दहाव्या पानापर्यंत हात पुष्कळसा आपसूक चालू लागतो.

मनाच्या बाबतीत काय? ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशा विणणाऱ्यांची एक मोठी ऑनलाइन पाहणी केली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८७ देशांतील ८,३९१ जणांनी भाग घेतला. सुमारे ९० टक्के लोकांनी क्रोशामुळे शांत वाटते असे सांगितले, तर ८२ टक्क्यांनी आनंदी वाटते असे सांगितले. आकडे सुखावणारे असले, तरी ते जपून वाचायला हवेत. उत्तरे देणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या आणि ज्यांना क्रोशा आवडतो त्यांनीच ती दिली. ज्यांना तो जमला नाही किंवा कंटाळवाणा वाटला, त्यांना कोणी विचारले नाही. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. त्यामुळे या पाहणीवरून क्रोशाला औषध ठरवता येत नाही.

मानसोपचारात मात्र एक पद्धत चांगली सिद्ध झालेली आहे. नैराश्यात माणूस कामे सोडत जातो, कामे सुटली की समाधान सुटते आणि नैराश्य वाढते. हे चक्र तोडण्यासाठी उत्साह येण्याची वाट न पाहता लहान, ठरावीक कामे वेळ ठरवून करायला लावतात. रोज दुपारी चार वाजता एक पान, हे असे काम होऊ शकते. पण ते उपचाराच्या सोबत करायचे आहे, उपचारांऐवजी नाही. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सुई-लोकर बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटायला हवे. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

‘विणकाम करा, अल्झायमर टाळा’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. तसा पुरावा नाही. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र वापरणे, नियमित चालणे, तंबाखू सोडणे या गोष्टींचा आधार कितीतरी भक्कम आहे. क्रोशा हे बसून करायचे काम आहे, त्याने चालण्याची भरपाई होत नाही.

काही पथ्येही आहेत. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटेच विणावे, मग बोटे उघडझाप करावीत आणि मान फिरवावी. लोकर फिकट रंगाची घ्यावी, गडद रंगात टाके दिसत नाहीत. जवळचा चष्मा लावून भरपूर उजेडात बसावे. पकड कमजोर असेल तर सुईच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून ती जाड करावी. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल किंवा बोट अडकत असेल, तर विणणे थांबवून तपासून घ्यावे. संधिवाताचे सांधे सुजलेले असताना हात विश्रांतीतच ठेवावेत. अस्थिभंग किंवा पक्षाघातानंतर केव्हा सुरुवात करायची, हे डॉक्टर आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ यांनीच ठरवावे.

व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. तिची भारतातील सुरुवात महाराष्ट्रातच झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर घराण्याच्या सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले. हस्तकाम हे या शास्त्राचे जुने साधन आहे. आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत हे विभाग आहेत, पण तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ क्वचितच भेटतो. आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात व्यवसायोपचाराचा समावेश आहे. आता पदे निर्माण व्हायला आणि भरायला हवीत. महागड्या यंत्रांच्या खरेदीची जितकी चर्चा होते, तितकी या पदांची झाली पाहिजे.

तोवर रुग्णालयांना एक गोष्ट करता येईल. घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर गोळ्या, पथ्य आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. त्यात ‘हातांचे काम’ अशी एक ओळ वाढवावी. ते क्रोशाचे पानच असावे असा आग्रह नाही. मटार सोलणे, गजरा गुंफणे, सुतळीच्या गाठी मारणे हेही चालेल. पुरुषांनाही हे सांगावे. हे बायकांचे काम म्हणून हात आखडता घेणाऱ्याची बोटे खरोखरच आखडतात.

पानाचा आणखी एक गुण आहे. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या दुष्काळात आयर्लंडमधील कुटुंबे क्रोशाच्या लेसवर जगली. त्या लेसमधली फुले आणि पाने वेगवेगळी विणून नंतर जाळीने जोडली जात. ज्येष्ठ नागरिक संघातही प्रत्येकाने एकेक पान विणले आणि जाणत्या हाताने ती जोडली, तर दिवाळीपर्यंत एक तोरण तयार होईल. काही पाने वाकडी असतील. ती उसवू नयेत, तशीच जोडावीत.