ग्रंथपालाचे मत

ग्रंथालयांसंबंधी समिती नेमावयाची झाली म्हणजे सनदी अधिकारी, शिक्षणतज्ज्ञ आणि एखाद-दुसरा साहित्यिक यांची नावे प्रथम सुचतात. ग्रंथपालास बहुधा आकडे पुरविण्यापुरते बोलाविले जाते.

हे पूर्वीपासून असेच चालत आले आहे असे मात्र नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले ते सबंध संस्थानाची ग्रंथालयव्यवस्था उभारण्यासाठी. पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये त्याच व्यवस्थेतली. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९४८च्या मद्रास ग्रंथालय कायद्यामागे त्यांचीच खटपट होती. त्या कायद्याने मालमत्ताकरावर उपकर बसवून ग्रंथालयांना हक्काचे उत्पन्न दिले. उत्पन्नाची शाश्वती नसेल तर पुढील वर्षाची ग्रंथखरेदी आखताच येत नाही, हे रोजचा व्यवहार सांभाळणाऱ्यासच नेमके उमगते.

महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्याने उपकर टाळून अनुदानाचा मार्ग पत्करला. ग्रंथालये संस्थांची, अनुदान शासनाचे, आणि त्याचे मान ग्रंथालयाच्या वर्गावरून ठरावयाचे. वर्ग ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. वाचक कोणते पुस्तक मागून रिकाम्या हाताने परतला, हे मोजले जात नाही. माझ्या मते धोरणास सर्वाधिक उपयोगी माहिती तीच, आणि ती ग्रंथपालाखेरीज दुसऱ्या कोणापाशी नसते. (संगणकीकृत सूचीतही जे पुस्तक आहे तेवढेच दिसते!)

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाची अडचण आणखी निराळी. राज्यघटनेनुसार राज्यांची ग्रंथालये हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. त्यामुळे इंदूर वा हैदराबाद येथील मराठी वाचक एका राज्याच्या कक्षेबाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या यादीत अल्पसंख्य ठरतो. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून सर्व राज्यांतील ग्रंथालयांना साहाय्य देते खरे. परंतु त्या शहरात कोणते मराठी ग्रंथ मागितले जातात, हे तेथील ग्रंथपालाने सांगितल्यावाचून कळणार कसे? तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचेही अशा नोंदींवाचून अडते.

म्हणून प्रत्येक ग्रंथालयात अपुऱ्या राहिलेल्या मागण्यांची वही असावी, आणि खरेदीची यादी निश्चित होण्यापूर्वी राज्य ग्रंथालय परिषदेने तिचा गोषवारा ग्रंथपालांच्या प्रतिनिधींकडून ऐकावा. अर्थात ही वही लिहिणाऱ्यास पुरते वेतन हवे. महाराष्ट्रातील अनुदानित ग्रंथालयांच्या सेवकांची वेतनश्रेणीची मागणी जुनीच आहे.