रक्षकाचा पहिला गुण

गावाच्या वेशीवर रखवालदार नेमायचा झाला, म्हणजे लोक प्रथम त्याचे बाहुबळ पाहतात. दंड भरदार असावेत, हातात लाठी असावी, आवाज खणखणीत असावा. एवढे असले की उत्तम रखवालदार मिळाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु गावकरी कोण आणि चोर कोण हेच ज्यास कळत नाही, त्याची लाठी गावाला तारक न होता मारकच होईल. बळ हा रक्षकाचा दुसरा गुण होय. पहिला गुण पारख. ह्याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. तो प्रत्येकाच्या देहातच आहे.

1882 साली इटलीतील मेसिना येथे मेच्निकोव्ह ह्या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो काट्याभोवती भटक्या पेशींचा वेढा पडलेला! त्या पिल्लाला ना मेंदू, ना पाठीचा कणा. तरीही त्याच्या पेशींनी परका ओळखला होता.

पण एवढी ओळख पुरेशी नव्हती. अनुकूल परिस्थितीत कित्येक जंतूंची नवी पिढी अर्ध्या तासाच्या आत जन्मास येते, आणि पिढीगणिक त्यांचे रूप पालटू शकते. अशा बहुरूप्यांची कायमची यादी कोण करणार? सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी जबडा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत ह्यावर एक अपूर्व तोड निघाली. त्यांचे शरीर जनुकांचे तुकडे पत्त्यांप्रमाणे पिसून असंख्य तऱ्हांच्या रक्षक पेशी आधीच घडवू लागले. आपलेही शरीर तेच करते. जी पेशी आलेल्या शत्रूशी जुळते, तिचीच संख्या वाढते, आणि तिच्या वंशातील काही पेशी त्या शत्रूची आठवण जपतात. हा सिद्धान्त बर्नेट ह्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 1957 साली मांडला.

ह्या युक्तीत एक मोठा धोका आहे. पत्ते आंधळेपणाने पिसले, तर स्वकीयांवरच धावून जाणाऱ्या पेशीही निपजणार! म्हणून छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत टी-पेशींची कसून परीक्षा होते. जी पेशी शरीराच्या स्वतःच्या घटकांवर जोराने उठते, ती बहुधा तेथेच नष्ट केली जाते. ही पारख चुकली, तर अनर्थ ओढवतो. मधुमेहाच्या एका प्रकारात रक्षक पेशीच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा संहार करतात. तेथे बळाची उणीव नसते. उणीव असते ती विवेकाची.

संगणकाच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा काही विद्वानांनी नेमका हाच धडा उचलला. 1994 साली अमेरिकेत स्टेफनी फॉरेस्ट, अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायमसच्या परीक्षेला गणिताचे रूप दिले. त्यांनी संगणकातील मूळ माहितीला 'स्वकीय' मानले. मग यदृच्छेने अनेक पहारेकरी-खुणा तयार केल्या, आणि स्वकीयांशी जुळणारी प्रत्येक खूण टाकून दिली. उरलेल्यांपैकी एखादी खूण पुढे कशाशी जुळली, तर माहितीत काहीतरी बदल झाला आहे, हे उघड होते. शत्रूचे नाव-गाव आधी ठाऊक असण्याची गरजच उरली नाही.

संगणक म्हणजे शरीर नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो योग्यच आहे. गणिताने घडवलेली ही प्रतिकृती देहाच्या अफाट व्यवहाराची केवळ एक छटा होय. तथापि त्या विद्वानांनी निसर्गापासून काय घेतले, हे ध्यानात घ्यावे. त्यांनी प्रहाराची रीत घेतली नाही. पारखण्याची रीत घेतली.

शाळेत नवा आलेला मुलगा निराळ्या बोलीत बोलतो म्हणून त्याला शत्रू समजणारे, आणि त्यालाच शौर्य म्हणणारे, थोडे नसतात. त्यांनी थायमसपुढे क्षणभर उभे राहावे. लाठी कोणासही उगारता येते. ती कोणावर उगारू नये, हे ज्यास आधी कळते, तोच खरा रक्षक होय.