वर्दी उतरवण्यापूर्वी कागद करा

फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या जवानाच्या पेन्शनचा आकडा सगळ्या वस्तीला माहीत असतो. त्याचा निकामी गुडघा, मोडलेली पाठ, बहिरा झालेला कान यांची चौकशी मात्र कोणी करत नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. आमचे अनेक माजी सैनिक तो मागतच नाहीत, किंवा मागतात तेव्हा कागद सापडत नाही.

आमचे म्हणणे असे की, ही लढाई वर्दी अंगावर असतानाच लढायची असते. लो मेडिकल कॅटेगरीतल्या जवानासाठी निवृत्तीपूर्वी रिलीज मेडिकल बोर्ड बसते. दुखणे सेवेमुळे झाले की सेवेने वाढले, आणि अपंगत्व किती टक्के, हे तेथे ठरते. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला, तर मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला नियमाने अपंगत्व पेन्शन मिळत नाही. पण बढती अडेल, कामचुकार म्हणतील, या धास्तीने आमचा जवान गोळी गिळून परेडला उभा राहतो. ज्या दुखण्याची नोंद नाही, ते सरकारच्या लेखी झालेलेच नसते!

२०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे, आणि बोर्डाने नकाराची कारणे द्यावीत. निवाडा मोलाचा आहे. परंतु २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू झाले आहेत. केवळ जुन्या निवाड्यावर विसंबून चालणार नाही.

म्हणून दुखापत झाली की त्याच वेळी इंज्युरी रिपोर्ट करून घ्या. एमआय रूमच्या चिठ्ठ्या, लष्करी रुग्णालयाचे डिस्चार्ज कागद, पोस्टिंगच्या तारखा यांच्या प्रती घरी ठेवा. बोर्डापुढे प्रत्येक दुखणे सांगा. इंग्रजी मजकूर समजून घेतल्याशिवाय 'यस सर' म्हणून सही करू नका. दावा फेटाळला तर सहा महिन्यांच्या आत अपील करा. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

२०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांची गोष्ट तर आणखी कठीण. त्यांना अपंगत्वाची पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर टक्केवारीप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख रुपये, तेही एकदाच. चार वर्षांच्या सेवेत कागद करायला वेळ तो किती?

महारांना सैन्याचे दरवाजे बंद झाले, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज धाडला. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आत शिरण्यासाठी ज्या समाजाला लेखणी झिजवावी लागली, त्याने बाहेर पडताना मुकाट्याने का पडावे? वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी सुटीवर आलेल्या जवानाजवळ तासभर बसावे, त्याचे कागद वाचावेत, गरज पडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जावे. चळवळीचे काम याहून वेगळे नसते.